वंशावळीत दत्तक गेलेले आणि दत्तक आलेले कसे दाखवायचे?

निफाडकर

निफाड आणि सिन्नर तालुक्यांत विखुरलेल्या एका घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ जुळवायचं काम चालू आहे. नावं बरीचशी हाती आली, गाडी अडली ती दत्तकांपाशी. प्रकरणं अशी:

अ) धाकटा मुलगा सख्ख्या चुलत्याला दत्तक. आडनाव तेच, गाव तेच, वाडाही तोच.
आ) १९३०च्या सुमाराला एका विधवेने दत्तक घेतलेला मुलगा. त्याचा जन्मच तिचा नवरा वारल्यानंतरचा. सॉफ्टवेअर सारखी चूक दाखवतं.
इ) लग्न झालेला, एक मुलगा असलेला माणूस दुसऱ्या आडनावाच्या घरात दत्तक. हेही १९५६च्या आधीचं.
ई) अलीकडे संस्थेतून दत्तक घेतलेली मुलगी, अजून शाळेत आहे.

शिवाय मामाकडे वाढलेला एक जण आहे. त्याला सगळे 'दत्तक' म्हणतात, पण कागद काहीच नाही. मोठी मंडळी म्हणतात, जो ज्या घरचा झाला त्या घरात लिहा, मागचं उकरू नका. तरुण मंडळी म्हणतात, रक्ताचं तेवढंच खरं. जाणकारांनी सांगावं.

पंचवटीकर

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. जन्म ही एक घटना, दत्तक ही दुसरी. दोन्हींना आपापली तारीख, ठिकाण आणि पुरावा असतो. दोन्ही नोंदवायच्या, एक खोडून तिथे दुसरी लिहायची नाही.

माणूस एक तर नोंदही एकच, हे सगळ्यांत आधी पक्कं करा. जन्मघरात एक आणि दत्तकघरात एक अशा दोन नोंदी केल्या की यादीत दोन माणसं उभी राहतात. मग मृत्यूची तारीख एकाला लागते, मुलंबाळं दुसऱ्याला. आणि जन्मघरातल्या बिचाऱ्यापुढे 'लहानपणीच वारला असावा' असा शेरा कुणीतरी मारून मोकळा होतो.

वहीत काम करत असाल तर 'वडील' असा नुसता रकाना ठेवूच नका. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण माहिती भरणारा आपल्या समजुतीप्रमाणे जन्मदाता किंवा दत्तक पिता यांपैकी कुणाचंही नाव लिहितो. रकाने सुटे करा: जन्मपिता, जन्ममाता, दत्तकपिता, दत्तकमाता, दत्तकाची तारीख, पुरावा. बाकीच्यांचे दत्तकाचे रकाने कोरे राहिले तर राहू देत.

नावाचंही तेच. आपल्याकडे दत्तक गेलं की मधलं नाव बदलतंच, आडनाव बहुधा बदलतं आणि पुष्कळदा पाळण्यातलं नावही. ज्या नावाने आयुष्यभर व्यवहार झाला ते मुख्य, जन्मनाव पर्यायी, आणि पर्यायी नावापुढे 'दत्तकापूर्वी' अशी नोंद. जन्मनाव गाळलं तर त्या माणसाचा शाळेतला जुना दाखला कधीच सापडणार नाही.

सातपूरचा प्रोग्रॅमर

सॉफ्टवेअरमध्ये हेच कसं करायचं ते सांगतो. उदाहरण ग्रॅम्प्स या वंशावळीच्या प्रोग्रॅमचं, कारण ते फुकट आहे आणि देवनागरी नीट दाखवतं.

व्यक्ती एकदाच तयार करा. जन्माच्या आईवडिलांचं एक कुटुंब, दत्तक आईवडिलांचं दुसरं. दोन्ही कुटुंबांच्या मुलांच्या यादीत तीच व्यक्ती जोडा. नवीन व्यक्ती बनवू नका, आधीची शोधून जोडा. बटणं शेजारी-शेजारी असल्यामुळे चूक इथेच होते. मग मुलांच्या यादीत त्या नावावर उजवी क्लिक करून नात्याची खिडकी उघडा. तिथे वडिलांशी नातं आणि आईशी नातं असे दोन वेगळे पर्याय आहेत. जन्मकुटुंबात दोन्ही 'जन्म', दत्तककुटुंबात दोन्ही 'दत्तक'. न सांगता प्रोग्रॅम दोन्हीकडे 'जन्म' धरतो, म्हणून हे हाताने बदलावंच लागतं.

त्यानंतर व्यक्तीच्या घटनांमध्ये 'दत्तक' ही घटना घाला आणि तिला पुरावा जोडा. नात्याचा प्रकार बदलला म्हणजे घटना आपोआप तयार होत नाही, आणि घटना घातली म्हणजे नातं बदलत नाही. दोन्ही वेगवेगळं करायचं.

शेवटचं, मुख्य आईवडील कोणते ते ठरवा. तक्ता काढताना बहुतेक प्रोग्रॅम एकाच जोडीची वाट धरतात. यादीत जे कुटुंब पहिलं किंवा 'मुख्य' म्हणून निवडलेलं असेल, तक्ता त्या बाजूने वर जातो.

देवळाली

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेताना हे टिकतं का? जेडकॉम फाइल काढली की 'दत्तक' शब्द गायब होतो असं ऐकलंय.

सातपूरचा प्रोग्रॅमर

टिकतं, पण तपासून घ्या. जेडकॉम म्हणजे साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. त्या व्यक्तीच्या नोंदीत 'फॅमसी' (FAMC, मूल कोणत्या कुटुंबातलं) ही खूण दोनदा यायला हवी, एकीखाली 'पेडी' (PEDI, नात्याचा प्रकार) बर्थ म्हणजे जन्म आणि दुसरीखाली 'पेडी' अडॉप्टेड म्हणजे दत्तक. 'पेडी'च नसेल तर समोरचा प्रोग्रॅम दोन्ही जोड्यांना जन्मदाते समजेल किंवा एक जोडी टाकून देईल.

जेडकॉमच्या ५.५.१ या आवृत्तीत एक खोच आहे. 'पेडी' अख्ख्या कुटुंबाला एकच लागते. मुलगा आईचा पोटचा आणि नवीन वडिलांनी दत्तक घेतलेला असेल, तर हा फरक 'पेडी'त मावत नाही. तो दत्तकाच्या घटनेखाली जातो. तिथे दत्तक पतीने घेतलं, पत्नीने की दोघांनी, हे लिहायची सोय आहे. बरेच प्रोग्रॅम तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून टिपेतही साध्या वाक्यात लिहून ठेवा: 'वडिलांकडून दत्तक, आईकडून जन्म.' टीप सहसा हरवत नाही.

आणि फाइल काढताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च निवडा. जुन्या प्रोग्रॅममध्ये अँसेल नावाचं एन्कोडिंग असतं, त्यात देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

मालेगावचा मास्तर

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊन बघा, निफाडकरांचं 'आ' प्रकरण लगेच उलगडेल. मालेगाव तालुक्यातलं कवळाणे. तिथे ११ मार्च १८६३ रोजी गोपाळराव गायकवाड जन्मले, वडील काशीराव. २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते तिसरे सयाजीराव झाले. जमनाबाईंचे पती खंडेराव महाराज वारले होते १८७० मध्ये. म्हणजे ज्यांचा मुलगा म्हणून दत्तक झालं, ते त्याच्या आधी साडेचार वर्षांपासून हयात नव्हते.

नोंद अशी होईल. व्यक्ती एक. मुख्य नाव सयाजीराव, जन्मनाव गोपाळराव. जन्मपिता काशीराव. दत्तकमाता जमनाबाई, दत्तकपिता खंडेराव, आणि दत्तकाच्या घटनेत 'दत्तक घेणाऱ्या: जमनाबाई, पतीच्या पश्चात'. आनंदराव आणि संपतराव हे सख्खे भाऊ जन्मकुटुंबातच राहतात, त्यांना बडोद्याच्या पानावर ओढायचं नाही. उलट खंडेरावांचे भाऊ मल्हारराव दत्तकाने सयाजीरावांचे काका होतात. आडनाव दोन्हीकडे गायकवाडच असल्यामुळे नवशिके हमखास या दोन शाखा एकमेकींत मिसळून टाकतात.

ठिकाण लिहितानाही सांभाळा. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी मालेगाव, बागलाण, नांदगाव ही बाजू खानदेशात होती आणि निफाड, सिन्नरची बाजू अहमदनगरकडे. तेव्हा १८६९च्या आधीचं दत्तक असेल तर जिल्ह्याचं दप्तर नाशिकलाच असेल असं धरून चालू नका.

कोर्टगल्ली

मास्तरांनी छान सांगितलं. 'आ' आणि 'इ'ची कायद्याची बाजू मी सांगतो, कारण कायदा माहीत नसला की माणसं तारखा 'दुरुस्त' करत सुटतात.

१९५६च्या आधी आपल्या भागात मुंबई इलाख्याचा हिंदू कायदा चालत असे. इतर काही प्रांतांत विधवेला दत्तक घ्यायला पतीची आधी दिलेली परवानगी लागे, आपल्याकडे तशी लागत नसे. आणि तिने घेतलेला मुलगा पतीच्या मृत्यूच्या दिवसापासूनच त्याचा मुलगा होता, असं कायदा मानत असे. त्यामुळे मुलाचा जन्म पित्याच्या मृत्यूनंतर कितीही वर्षांनी असला तरी नोंद बरोबरच असते. सॉफ्टवेअरची तांबडी खूण येते ती त्याने हे जन्माचं नातं समजलं म्हणून. नात्याचा प्रकार 'दत्तक' करा. तरीही खूण राहिली तर राहू द्या. पित्याचा मृत्यू पुढे किंवा मुलाचा जन्म मागे सरकवू नका. या दोन तारखा वारसाच्या फेरफारातही असतात, तिथे तुमची सरकवासरकव उघडी पडेल.

आता 'इ'. मुंबईकडे लग्न झालेला, वयाने मोठा माणूसही दत्तक जाऊ शकत असे. अशा माणसाबरोबर त्याची बायको नवीन घरात येते. पण आधी जन्मलेला मुलगा जन्मघरातच राहतो, असं मुंबई हायकोर्टाने १९०९ मध्ये धरलं. दत्तकाच्या वेळी पोटात असलेलं आणि नंतर जन्मलेलं मूल मात्र नवीन घरात जातं. म्हणजे एकाच आईबापाच्या दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात, आणि दोन्ही बरोबर असतात! निफाडकर, तुमच्या 'इ' प्रकरणातला तो पहिला मुलगा कोणत्या आडनावाने शाळेत गेला ते बघा. बहुधा जुन्याच.

निफाडकर

वकीलसाहेब, अगदी तसंच आहे. थोरला जुन्या आडनावाचा, धाकटे दोघे नवीन. आम्ही थोरल्याला सावत्र समजून बसलो होतो.

कोर्टगल्ली

सावत्र नाही, सख्खाच. जन्माचं नातं बापाशीच जोडा आणि टिपेत लिहा: 'वडिलांच्या दत्तकापूर्वीचा जन्म, म्हणून मूळ घराण्यात.' आजोबा मात्र त्याचे जन्माचेच राहतील. कागदाच्या तक्त्यावर हे नीट दाखवायचा मार्ग एकच: बाप दोन्ही घरांच्या पानांवर येऊ द्या, थोरला जन्मघराच्या पानावर, धाकटे दत्तकघराच्या.

हिंदू दत्तक व पोषण कायदा २१ डिसेंबर १९५६ पासून लागू झाला. तिथून पुढे चित्र बदलतं. मुलगीही दत्तक घेता येते. वय १५च्या आत आणि अविवाहित, हा सर्वसाधारण नियम. रूढी असेल तर अपवाद. मुलगा दत्तक घ्यायचा तर मुलगा, नातू किंवा पणतू हयात नसावा. हे वंशावळ तपासायला फार कामाला येतं. १९५६ नंतर एखाद्याला औरस मुलगा आणि दत्तक मुलगा दोन्ही दिसले, तर औरस दत्तकानंतर झाला का, की दत्तकाआधीच वारला होता, ते पाहा. दोन्ही नसेल तर तो दत्तक बहुधा 'सांभाळलेला' असतो, किंवा तारीख चुकलेली असते.

जुनी वही

पण दत्तविधान झालं की मुलगा त्या घरचा झाला ना? गोत्र बदललं, पिंड बदलला. मग जन्मघर कशाला मिरवायचं? आणि होम झाला नसेल तर ते दत्तकच नाही.

कोर्टगल्ली

आजोबा, दुसरं आधी. १९५६च्या कायद्याने दत्तहोम आवश्यक ठेवलेला नाही. लागतं ते प्रत्यक्ष देणं आणि घेणं. होमाचा फोटो आहे पण देणाऱ्या आईबापांचा पत्ता नाही, असं प्रकरण कच्चं. होम नाही पण देणारे-घेणारे दोघांच्या सह्यांचं नोंदणीकृत दत्तकपत्र आहे, तर कोर्ट ते दत्तक कायदेशीर झालं असं गृहीत धरून चालतं.

पहिल्याचं उत्तर त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. दत्तकाने जन्मघराशी संबंध तुटतात, पण जन्मघरात राहून ज्या व्यक्तीशी लग्न करता आलं नसतं, तिच्याशी दत्तकानंतरही करता येत नाही. शिवाय हिंदू विवाह कायद्यात सपिंड नातं बघताना, वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या, दत्तकाचं नातंही मोजतात. म्हणजे स्थळ बघताना दोन्ही घरं बघायची. जन्मघर पुसून टाकलं तर पुढच्या पिढीला हे कळणार कुठून? तुमच्या काळी भटजी दोन्ही गोत्रं विचारत, ते यासाठीच.

जुनी वही

हे मान्य. दोन गोत्रं विचारायचे खरे.

गंगापूर रोड

डॉक्टरांसाठी घराण्याचा तक्ता काढताना तर जन्माचीच बाजू लागते. मधुमेह, थॅलेसेमिया, स्तनाचा कर्करोग, सगळं तिकडून येतं. वैद्यकीय तक्त्याची खूण ठरलेली आहे: दत्तक व्यक्तीच्या चिन्हाला दोन्ही बाजूंनी चौकोनी कंस, जन्मदात्यांकडे सलग रेघ, दत्तक आईवडिलांकडे तुटक रेघ. हीच खूण घराण्याच्या तक्त्यातही वापरली तर वेगळी शिकवावी लागत नाही.

पंचवटीकर

'अ' प्रकरण सगळ्यांनी सोपं समजून सोडून दिलं, पण छापताना तेच सर्वांत जास्त छळतं. सख्ख्या चुलत्याला दत्तक म्हणजे चुलता झाला बाप, बाप झाला चुलता, सख्खे भाऊ झाले चुलत. सॉफ्टवेअरने वंशजांचा तक्ता काढला की पणजोबांच्या खाली हा माणूस आणि त्याची सगळी पिल्लावळ दोनदा छापली जाते. मग माणसं मोजताना आकडा फुगतो आणि क्रमांकही दुहेरी पडतात.

छापील कुलवृत्तांतांची जुनी रीत चांगली आहे. वंशविस्तार दत्तकघराखाली एकदाच द्यायचा. जन्मघरात नुसतं नाव आणि पुढे 'दत्तक गेला, पाहा क्र. ४१'. दत्तकघरात नावापुढे 'दत्तक आला, जन्मपिता क्र. ३८'. दोन्हीकडून उलटसुलट क्रमांक हवाच. नुसतं 'दत्तक गेला' लिहून सोडलं की वाचणारा रस्त्यावर.

चुलतआजोबाने पुतण्याचा मुलगा घेतला असेल तर आणखी एक काळजी. जन्माने तो सहाव्या पिढीतला, दत्तकाने पाचव्या. पिढीचा आकडा व्यक्तीला चिकटवू नका, वाटेप्रमाणे मोजा.

सिन्नरची सून

द्व्यामुष्यायण म्हणजे काय ते कुणी सांगेल का? एका मोडी कागदात शब्द निघाला आणि तो वाचून देणाऱ्यानेही खांदे उडवले.

मोडी वाचक

ताई, दोन्ही बापांचा मुलगा. देणारा आणि घेणारा यांच्यात तसा करार असेल तर तो दोन्ही घरांचा वारस राही. एकुलता एक मुलगा भावाला देताना हे विशेषकरून होत असे. १९५६च्या कायद्यानंतर नवीन असं दत्तक होत नाही. वंशावळीत याच्या बाबतीत 'पाहा क्र.' चालत नाही, कारण तो जन्मघरातून गेलेलाच नाही. दोन्ही पानांवर पूर्ण नोंद आणि दोन्हीकडे 'द्व्यामुष्यायण' हा शब्द लिहा. सॉफ्टवेअरमध्ये नात्याच्या प्रकारात हा पर्याय नाही. 'दत्तक' निवडून टिपेत स्पष्ट करा.

मोडी कागद हातात आहे म्हणून तारखांचं सांगून टाकतो. शकाला ७८ मिळवायचे, जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. सयाजीरावांचं दत्तक शके १७९७, म्हणजे १८७५. फसली सन असेल तर ५९० आणि सुहूर सन असेल तर ५९९. ही दोन्ही वर्षं मृगाला बदलतात, म्हणून जानेवारी ते मेअखेरच्या कागदाला एक जास्त. कागदावर नुसतं 'सन' असेल तर आकडा इसवी समजून चालू नका. असं वर्षाचं गणित चुकलं की दत्तक मुलगा दत्तक बापापेक्षा वयाने मोठा निघतो.

नावं वाचताना 'बिन' म्हणजे अमुकचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमुकची बायको. दत्तकानंतरच्या कागदात 'बिन'पुढे दत्तक पित्याचं नाव येतं. एकाच माणसाचे दोन कागद, दोन 'बिन', मधलं वर्ष ओलांडलेलं, असं दिसलं की दत्तकाचा वास येतो.

निफाडकर

मोडीवाले दादा, पुरावे नक्की कुठे शोधायचे? रामकुंडावर उपाध्यांकडे जाऊन आलोय, नावं मिळाली पण 'दत्तक' शब्द कुठेच नाही.

मोडी वाचक

नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या नावांच्या वहीत, तो शब्द क्वचितच मिळतो. क्षेत्रोपाध्यांची वही आडनाव आणि मूळ गावावरून निघते, आणि मजकूर यात्रेकरूने स्वतः सांगितलेला असतो. दत्तक गेलेला माणूस दत्तक बापाचंच नाव सांगणार. म्हणून दोन्ही घरांची पानं बघावी लागतात, आणि आडनावं वेगळी असली तर दोन वेगळ्या उपाध्यांकडे जावं लागतं. जन्मघराच्या पानावर आधीच्या यात्रेत मुलगा आहे, पुढच्या यात्रेत नाही, इतकंच दिसेल. तो वारला की दत्तक गेला हे वही सांगत नाही. दत्तकघराच्या पानावर तेच वय आणि तेच नाव मिळालं तर अंदाज बांधायचा, पुरावा म्हणून नाही लिहायचा. त्र्यंबकेश्वरचीही वही बघा, एकीकडे सुटलेलं दुसरीकडे मिळतं. पितृपक्षात आणि सिंहस्थाच्या पर्वणीला जाऊ नका, कुणालाही वही उघडायला सवड नसते.

खरा पुरावा महसुलात. तलाठी कार्यालयातला गाव नमुना ६, म्हणजे फेरफार, आणि ६-क, म्हणजे वारसांची नोंदवही. जुने असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात. दत्तक बाप वारला त्या वर्षाच्या पुढची दोन-तीन वर्षं चाळा; 'दत्तक पुत्र म्हणून वारस' असं वाक्य तिथे मिळतं. भाऊबंदांनी हरकत घेतली असेल तर फारच उत्तम, कारण मग दत्तकाची तारीख, देणाऱ्याचं नाव, साक्षीदार सगळं नोंदीत उतरतं. वंशावळवाल्यांनी भाऊबंदकीचे आभार मानावेत ते इथेच.

एक सापळा. उताऱ्यावर 'अ.पा.क.' दिसलं की पुढचं नाव आईबापाचं समजू नका. अज्ञान पालन कर्ता, म्हणजे अज्ञानाच्या वतीने बघणारा. तो चुलता, मामा, आजी कुणीही असतो. 'अज्ञान सखाराम रामजी, अ.पा.क. गंगूबाई' यातली गंगूबाई आई असेल, दत्तक आई असेल किंवा आत्याही असेल. तसंच 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो सगळ्यांचा बाप नसतो. उताऱ्यांवरून उभ्या केलेल्या वंशावळींत ही चूक मी ढिगाने बघतो.

कोर्टगल्ली

त्याला जोडून नोंदणी कार्यालयाचं. दत्तक घेण्याचा अधिकार देणारं पत्र आणि मृत्युपत्र दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्र. ३ मध्ये असतं, दत्तकपत्र पुस्तक क्र. ४ मध्ये. खरेदीखतं असतात पुस्तक क्र. १ मध्ये, आणि या तिघांपैकी तेवढंच सगळ्यांना खुलं. क्र. ३ची नक्कल लिहून देणारा वारल्यावर कुणालाही मागता येते. क्र. ४ची मात्र लिहून देणाऱ्याला किंवा त्या दस्ताखाली हक्क सांगणाऱ्यालाच. म्हणून 'घराण्याचा अभ्यास करतोय' असा अर्ज देऊन उपयोग नाही. दत्तकाच्या मुलाला किंवा नातवाला अर्जदार करा. आणि आधी घरातली जुनी पत्र्याची ट्रंक बघा, मूळ प्रत तिथेच असते.

शाळामास्तरीण

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही सोडू नका. प्रवेशाच्या वेळचं नाव आणि नंतर वर लिहिलेलं दुसरं नाव, बाजूला आदेशाचा उल्लेख, असं पान मिळालं तर दत्तकाचं वर्ष जवळजवळ हातात येतं. दाखल्यावर मात्र फक्त बदललेलं नाव उतरतं, म्हणून दाखल्यावर भागवू नका, रजिस्टरचा उतारा मागा.

देवळाली

आणि मामाकडे वाढलेल्याचं काय?

पंचवटीकर

त्याला दत्तक लिहू नका. कागद नाही, देणं-घेणं झाल्याचं सांगणारं कुणी नाही, वडिलांचं नाव बदललं नाही. मग तो सांभाळलेला. ग्रॅम्प्समध्ये त्यासाठी पालनपोषणाचा वेगळा प्रकार आहे. वहीत 'मामाकडे वाढला' पुरेसं. मानसपुत्र, घरजावई, पाटाच्या लग्नात आईबरोबर आलेलं मूल, हे सगळे वेगळे. आईबरोबर आलेल्या मुलाचं नवीन बापाशी नातं सावत्र. नंतर त्याने रीतसर दत्तक घेतलं तरच दत्तक. घरात प्रेमाने सगळ्यांनाच 'दत्तक' म्हणतात, वंशावळीने तसं म्हणू नये.

सिन्नरची सून

'ई'बद्दल कुणी बोललंच नाही. ती मुलगी शाळेत आहे, तिच्यापुढे 'दत्तक' लिहून तक्ता कुलसंमेलनात भिंतीवर लावायचा?

गंगापूर रोड

ताई, अजिबात नाही. तिचं नाव तक्त्यात आईवडिलांखाली सलग रेघेने येईल, बाकी मुलांसारखंच. कुठलीही खूण नाही. दत्तकाची नोंद मूळ फाइलमध्ये 'खाजगी' खूण करून ठेवा. ग्रॅम्प्समध्ये कुलपाचं चिन्ह आहे, आणि फाइल बाहेर काढताना खाजगी नोंदी वगळायचा पर्याय निवडावा लागतो, तो आपोआप निवडलेला असेल असं समजू नका. ती मोठी झाल्यावर काय दाखवायचं ते ती ठरवेल. दुसऱ्या कुणी नाही.

संस्थेतून घेतलेल्या मुलांचं दत्तक बालन्याय कायद्याखाली होतं. दत्तक आदेश आधी कोर्ट देत असे, १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. जन्माच्या दाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावं असतात. वंशावळीला तेवढा पुरावा भरपूर झाला. जन्मदात्यांचा शोध घ्यायचा अधिकार त्या मुलाचा. १८ पूर्ण झाल्यावर स्वतः, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत. काका-आत्याने संस्थेत जाऊन चौकशी करायची नाही, नियमात त्रयस्थाला तशी परवानगीच नाही.

सातपूरचा प्रोग्रॅमर

याला तांत्रिक पुरवणी. जन्मदाते माहीत नसतील तर ती जागा रिकामीच सोडा. 'अज्ञात' नावाचा बाप आणि 'अज्ञात' नावाची आई तयार करू नका. दोन वेगळ्या दत्तक मुलांसाठी दोन 'अज्ञात' जोडपी बनवली की प्रोग्रॅम ती एकच असल्याचं सुचवतो. कुणीतरी होकार देतं आणि ती मुलं सख्खी भावंडं होऊन बसतात. ऑनलाइन सामायिक झाडात तर हे फार होतं. फॅमिलीसर्चवर हयात माणसांच्या नोंदी सगळ्यांना दिसत नाहीत, पण मृत म्हणून खूण पडली की नोंद जगाला दिसते आणि कुणीही बदलू शकतं.

ओझर

जात पडताळणीला वंशावळ द्यायची असेल तर दत्तक दाखवावं का? सध्या कुणबी नोंदींच्या शोधात सगळेच वंशावळी काढतायत.

कोर्टगल्ली

दाखवावंच. ते शपथपत्र आहे, त्यात गाळणं म्हणजे खोटं लिहिणं. पुराव्याला मानीव तारखेआधीचे, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेआधीचे, कागद मागतात: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. समिती वडिलांकडची रक्तनाती बघते. दत्तकघरातल्या चुलत्याचं जातवैधता प्रमाणपत्र जोडलं आणि दत्तक लपवलं, तर दक्षता पथकाच्या गृहचौकशीत शेजारी सहज बोलून जातात आणि सगळं प्रकरणच संशयात येतं. दोन्ही वाटा काढा, दत्तकपत्राची प्रत लावा, जन्मघराचेही जुने दाखले जोडा. निकाल काय लागेल ते प्रत्येक प्रकरणाच्या कागदांवर आहे, इथे भाकीत करत नाही.

निफाडकर

सगळ्यांचे आभार. 'अ'ला पाहा-क्रमांक, 'आ'ला नातं बदलून तारखा आहेत तशाच, 'इ'चा थोरला जुन्या पानावर, 'ई' खुणेशिवाय. मामाकडचा 'वाढला'. फ्लेक्सवर छापायचं म्हणतोय, त्याला काही?

पंचवटीकर

तुटक रेघ जाड घ्या. पडद्यावर दिसणारी बारीक तुटक रेघ फ्लेक्सवर सलग दिसते किंवा गायबच होते. ए-शून्य आकाराच्या तक्त्याला निदान दीड मिलिमीटर जाडी, आणि तुकड्यांमधली मोकळी जागा तुकड्याच्या लांबीएवढी. रंगावर भिस्त ठेवू नका, कारण लोक मोबाइलवर फोटो काढून काळ्या-पांढऱ्या प्रिंटा मारतात. दुकानदाराला पीडीएफच द्या, फॉन्ट आत बसवून. नुसती वर्डची फाइल दिली की जोडाक्षरं फुटतात आणि 'दत्तक'चा 'दत् तक' होतो. आधी ए-४ वर एक प्रत काढून घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या. मगच मोठं छापा.